सहजीवन, सहअस्तित्व की नांदणं?

चाफा:
एका त्रैमासिकासाठी जेरुसलेममधल्या हिब्रू-अरबी शाळेवरचा लेख मराठीत आणतेय. शाळा १९९८ मध्ये सुरू झाली. ज्यू आणि अरब मुलं एका वर्गात, शिकवायला दोघं, एक हिब्रूतून, एक अरबीतून. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणी तिथला पहिलीचा वर्ग जाळला आणि भिंतीवर हिब्रूत लिहिलं, 'कर्करोगाशी दू-कियुम नाही'. या दू-कियुमसाठी मी 'सहजीवन' लिहिलं होतं, संपादकांनी 'सहअस्तित्व' केलं. त्यांच्या मते सहजीवन म्हणजे नवरा-बायकोचं. तुम्ही काय लिहाल?

काटेकोर:
आधी संधी नीट करा. सह + अस्तित्व = सहास्तित्व. 'सहअस्तित्व' हिंदीच्या वाटेनं आलंय.

सांगलीकर:
सहास्तित्व मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आमच्या नागरिकशास्त्रात १९५४ च्या पंचशीलाचं पाचवं तत्त्व 'शांततामय सहजीवन' होतं. सरांनी पाठ करून घेतलं होतं, कुणाला लग्न आठवलं नाही.

लोदकर:
मी इस्रायलमध्ये वाढलो, आईवडील अलिबागकडचे. दू म्हणजे दोन, कियुम म्हणजे असणं, टिकून राहणं. अरबी शब्द तआयुश, त्याच्या मुळाशी ऐश, म्हणजे जगणं. आपल्या ऐषआरामातला ऐष तोच. तेव्हा हिब्रूला सहअस्तित्व जवळचं आणि अरबीला सहजीवन. आमच्या लोदमध्ये दोन्ही समाज राहतात, पण माझ्या मुलीच्या वर्गात बारा वर्षांत एकही अरब मूल नव्हतं. त्यांच्या शाळा वेगळ्या. त्या मुलांना हिब्रू शिकावीच लागते. माझ्या मुलीला अरबी अक्षरओळखीपुढे आली नाही. शेजारच्या आजींना हिब्रू येत नाही, जिन्यात भेटल्या की दोघी नुसत्या हसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

शुभ्रा:
लोदकरकाका, वाचून गलबलून आलं. चाफा, 'नांदणं' का नको? 'कर्करोगासोबत नांदता येत नाही.' वाक्यातलं विष तसंच उतरतं.

काटेकोर:
नांदायला जाते ती सून, आणि घर सासरचं. तिथे घर कुणाचं आणि बाहेरून आलं कोण, हाच तर वाद आहे. हे क्रियापद आपोआप एक बाजू घेतं.

शुभ्रा:
दोन भाऊही एका घरात नांदतात. मूळ संस्कृत 'नन्द्', आनंद त्यातलाच. आजी तर भरल्या घराला 'गोकुळ नांदतंय' म्हणायची. सासर नंतर चिकटलं असावं.

चाफा:
मला आता 'अस्तित्व' पटू लागलंय. लेखात २०१३ च्या एका अभ्यासाचा उल्लेख आहे, इस्रायली आणि पॅलेस्टिनी दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांचा. समोरच्याला थेट राक्षस ठरवणारा मजकूर क्वचितच सापडला. पण दोन्हीकडच्या बहुतेक नकाशांत दुसऱ्याचं नावच नाही. दहा वर्षांच्या मुलानं शेजारी कुठे पाहायचा? जिथे असणंच छापत नाहीत, तिथे 'अस्तित्व' हा कोरडा शब्द राहत नाही.

सांगलीकर:
आणि १९४८ चं युद्ध काय लिहिलंत? ज्यू मुलांना ते स्वातंत्र्ययुद्ध, अरब मुलांना घरी नक्बा, म्हणजे अरबीत मोठी आपत्ती. इस्रायलमधल्या अरब शाळांच्या तिसरीच्या पुस्तकात हा शब्द २००७ मध्ये मंजूर झाला, २००९ मध्ये काढला. आपल्याकडे १८५७ चं बंड की समर यावर अजून भांडतो, म्हणून हे जवळचं वाटतं.

चाफा:
'महाअनर्थ' लिहिलंय.

लोदकर:
तसं नको. महाअनर्थ पुरालाही म्हणतात. फाळणीला आपण 'मोठी विभागणी' म्हणतो का? नक्बा नक्बाच राहू द्या.

काटेकोर:
मग दू-कियुमचं भाषांतर तरी कशाला?

शुभ्रा:
कारण भिंतीवर काय लिहिलं होतं ते मराठी वाचकाला वाचताक्षणी कळायला हवं. मी अजूनही 'नांदणं'च म्हणेन.

सांगलीकर:
नक्बा स्त्रीलिंगी ना? 'ती नक्बा' की 'तो नक्बा'?