ऐंशी संगणकांना ग्रूप पॉलिसी पुरते, एजंट विकत घेऊ नका

बूटलोडर (धागाकर्ता)

मुख्य ऑफिस एक, शाखा एक, विंडोजचे मिळून ८० संगणक, डोमेन (सगळ्या संगणकांची आणि खात्यांची मध्यवर्ती व्यवस्था) व्यवस्थित चालू. एवढ्यांवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी दर संगणकामागे दरवर्षी पैसे भरून एजंट (प्रत्येक संगणकावर बसून हेच काम करणारं विकतचं टूल) घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं माझं मत. ग्रूप पॉलिसी म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या संगणकांना एकदम सेटिंग लावण्याची सोय. तिच्यातलं 'सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन' विंडोज सर्व्हरसोबत येतंच. लोक ते 'चालत नाही' म्हणून सोडून देतात. न चालण्याची कारणं मात्र ठरलेली चार-पाचच असतात.

लिबरऑफिस घ्या. एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल) सुमारे ३५० एमबीची. ती सर्व्हरवरच्या शेअरमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून उघडणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि वाचायची परवानगी 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला द्यायची, शेअरवरही आणि एनटीएफएसवरही (डिस्कवरच्या फोल्डरच्या परवानग्या). फक्त 'डोमेन यूजर्स'ला दिली की काम फसतं, कारण इन्स्टॉलेशन लॉगिनच्या आधी होतं. त्या वेळी माणूस नसतोच, संगणक स्वतःच्या खात्यावर फाइल मागतो. पॅकेज जोडताना पाथ दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा, नेटवर्कवरचाच हवा. सर्व्हरवर बसून डी ड्राइव्हमधून फाइल निवडली, तर प्रत्येक संगणक आपापल्या डी ड्राइव्हमध्ये ती शोधत बसतो.

मेनू मराठीत हवेत, डेस्कटॉपवर आयकॉन नको, वर्डच्या फाइली परस्पर लिबरऑफिसमध्ये उघडायला नकोत, हे सगळं एमएसआयला कमांडवरून सांगता येतं. ग्रूप पॉलिसीत कमांड लिहायला जागाच नाही. म्हणून विंडोज एसडीकेमधल्या ऑर्का या टूलने एमएसटी ट्रान्सफॉर्म (एमएसआयमधले बदल सांगणारी जोड-फाइल) बनवायचा. तो जोडायची संधी एकदाच मिळते, पॅकेज घालताना 'ॲडव्हान्स्ड' निवडून 'मॉडिफिकेशन्स' टॅबमध्ये. नंतर आठवलं तर पॅकेज काढून पुन्हा घाला.

पहिले पाच संगणक वेगळ्या सिक्युरिटी ग्रूपमध्ये, तीन दिवस थांबायचं, मग बाकीचे. विकतच्या टूलने यात नेमकी कसली भर पडते ते सांगा.

साडेनऊची बेल

असहमत. तुम्ही पाठवायचं कसं ते सांगितलंत. पोचलं का, हे कुठे आहे?

ग्रूप पॉलिसी सॉफ्टवेअर बसवते फक्त संगणक सुरू होताना. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप बहुतेक ठिकाणी आधीपासून चालू असतं. संध्याकाळी 'शट डाउन' केलं की कर्नल (विंडोजचा गाभा) हायबरनेट होतो, सकाळी तोच उठतो. विंडोजच्या लेखी हे खरं बूट नाही, त्यामुळे स्टार्टअपची पॉलिसी चालत नाही. 'रीस्टार्ट' केलं तरच चालते, आणि स्वतःहून रीस्टार्ट करणारा कर्मचारी दुर्मीळ.

बरं, खरं बूट झालं तरी विंडोज नेटवर्कची वाट न पाहता पुढे जातं. इव्हेंट लॉगमध्ये १०१ नंबरची नोंद आणि त्यात १२७४ हा एरर कोड दिसला, की अर्थ एवढाच: पॅकेज आलंय हे कळलं, बसवणं पुढच्या बूटला. त्यात स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणारी सोय) पोर्टफास्टशिवाय, म्हणजे वाट न पाहण्याच्या सेटिंगशिवाय असेल तर पोर्ट उघडायलाच ३० सेकंद, १५ ऐकायला आणि १५ शिकायला. तोवर विंडोज डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) सापडत नाही म्हणून मोकळं.

सोमवारी सोडलेलं पॅकेज शुक्रवारी किती ठिकाणी बसलं, हे दाखवणारा एकही पडदा ग्रूप पॉलिसीत नाही. ८० इव्हेंट लॉग उघडणार आहात का?

बूटलोडर

वर्णन बिनचूक, निष्कर्ष नाही. तिन्हींवर उपाय फुकट आहेत. फास्ट स्टार्टअप बंद करायला 'हायबरबूटएनेबल्ड' ही रजिस्ट्री व्हॅल्यू ग्रूप पॉलिसीच्या प्रेफरन्सेसमधून शून्य करा. ही पॉलिसी बॅकग्राउंडला दर ९० मिनिटांनी, अधिक ० ते ३० मिनिटांच्या फरकाने लागू होते, तिला बूटची गरज नाही. 'ऑल्वेज वेट फॉर द नेटवर्क' चालू करा. स्विचवर संगणकांच्या पोर्टना पोर्टफास्ट द्या. स्विच हातात नसेल तर स्टार्टअप पॉलिसीची थांबायची वेळ ६० सेकंद करा. सकाळी संगणक जरा उशिरा चालू होतो, एसएसडी असेल तर कुणी विचारतही नाही.

मोजदादीचं खाली लिहितो.

उपद्व्यापी

दोघंही एमएसआयवरच बोलताय. आपल्याकडच्या ऑफिसांत लागतं ते निम्मं एक्सई (स्वतःच चालणारा इन्स्टॉलर) असतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, बायोमेट्रिकची युटिलिटी, प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर. ग्रूप पॉलिसीत ती सरळ बसत नाहीत, मग सगळे स्टार्टअप स्क्रिप्टकडे वळतात आणि तिथे खरी गंमत सुरू होते.

आधी इन्स्टॉलर कशाने बनलाय ते ओळखा, खिडकी न उघडता बसवायचा स्विच त्यावर ठरतो. एनएसआयएस असेल तर स्लॅश आणि कॅपिटल एस. लहान एस दिला तर तो दुर्लक्ष करतो आणि खिडकी उघडतो. इनो सेटअपला 'व्हेरीसायलेंट', सोबत 'नोरीस्टार्ट'. इन्स्टॉलशील्डच्या आत बहुधा एमएसआय असते, तिला आतपर्यंत क्यूएन (एमएसआयचा खिडकी न उघडण्याचा स्विच) पोचवावा लागतो. चुकीचा स्विच दिला तर 'नेक्स्ट' विचारणारी खिडकी सेशन शून्यमध्ये उघडते, जिथे ती कुणालाच दिसत नाही. स्क्रिप्ट ६०० सेकंद थांबते आणि मारली जाते. माणूस दहा मिनिटं 'प्लीज वेट'कडे बघत बसतो आणि आयटीला फोन लावतो.

टोकनच्या ड्रायव्हरचा आणखी एक खोडा. 'या प्रकाशकावर विश्वास आहे का' अशी विचारणा येते. बनवणाऱ्याचं सर्टिफिकेट आधी पॉलिसीतून 'ट्रस्टेड पब्लिशर्स'मध्ये घातलं तरच ती गप्प बसते.

आणि सिस्टिम खात्याने (विंडोजच्या स्वतःच्या खात्याने) बसवलेली जी सॉफ्टवेअरं फक्त चालू यूजरपुरती बसतात, ती सिस्टिमच्याच प्रोफाइलमध्ये जाऊन पडतात. लॉग म्हणतो यशस्वी, स्टार्ट मेनू म्हणतो काही नाही. यावर एजंटचाही इलाज नाही, तोही बहुधा सिस्टिम म्हणूनच चालतो. ज्यांनी एजंट घेतला त्यांनाही हे स्विच शोधावेच लागतात, फक्त पैसे भरून शोधतात.

साडेनऊची बेल

'फक्त' नाही. इन्स्टॉलरकडून परत आलेल्या कोडचं काय करायचं हे एजंटला सांगून ठेवता येतं. ३०१० म्हणजे बसलं, रीस्टार्ट बाकी. १६४१ म्हणजे रीस्टार्ट सुरूच केला. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोड्या वेळाने पुन्हा या. १६१९ म्हणजे पॅकेज उघडताच आलं नाही. पाथ, परवानगी किंवा अर्धवट कॉपी झालेली फाइल बघा. १६३८, वेगळी आवृत्ती आधीच आहे. १६०३ म्हणजे काहीतरी बिनसलं, व्हर्बोज (सविस्तर) लॉग काढून त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा, खरं कारण त्याच्या जरा वर असतं.

१६१८ आला तर एजंट तासाभराने परत येतो. तुमची स्टार्टअप स्क्रिप्ट उद्या सकाळी, तेही बूट झालं तर.

कोल्हापुरी पॅच

शाखेचा हिशेब कुणी करणार आहे का? सगळे ८० मुख्य ऑफिसातच धरले आणि १ गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला ११० एमबी धरले, तर ३५० गुणिले ८०, म्हणजे २८ जीबी चार-सव्वाचार मिनिटांत जातात. जुना १०० मेगाबिटचा स्विच असेल तर ४० मिनिटांच्या वर. शाखेत १२ संगणक आणि मुख्य ऑफिसला जोडणारा २० मेगाबिटचा व्हीपीएन धरा. ४२०० एमबी, सेकंदाला फार तर अडीच एमबी, म्हणजे लाइन २८ मिनिटं पूर्ण भरलेली, तीही सकाळी सगळे एकदम संगणक चालू करतात तेव्हा. ग्रूप पॉलिसी ५०० केबीपीएसखालच्या लाइनला 'स्लो लिंक' म्हणते आणि तिथे सॉफ्टवेअर पाठवत नाही; २० मेगाबिट तिच्या दृष्टीने वेगवान. ती बिनदिक्कत पाठवणार.

उपाय डीएफएस, म्हणजे एकाच पाथखाली अनेक सर्व्हरवर प्रती ठेवण्याची विंडोजची सोय. शाखेत छोटा सर्व्हर, रात्री रेप्लिकेशन (प्रत पोचवणं), आणि पॅकेजचा पाथ डोमेनच्या नावाने सुरू होणारा, म्हणजे प्रत्येक साइट जवळची प्रत उचलते. शाखेतल्या एखाद्या साध्या संगणकावर शेअर करून भागवू म्हणाल, तर विंडोज प्रो एका वेळी २० कनेक्शनच घेतं. बारा जणांना चालेल, पण तो संगणक बंद असला की सगळंच बंद.

या एका मुद्द्यावर मी एजंटवाल्यांकडे झुकतो. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनसारख्यांत डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असतं. एका संगणकाने उतरवलेले तुकडे शेजारचे ७६८० पोर्टवरून घेतात, सर्व्हर लागत नाही. फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद ठेवून 'इंटरनेट खातंय' अशी ओरड करू नये.

हिशेबनीस

तांत्रिक बाजू तुमची, तारखा आमच्या. टीडीएस ७ तारखेला, जीएसटीआर-१ ११ ला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, जीएसटीआर-३बी २० ला. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला, म्हणजे ऑफिसात बुधवारी सकाळी. तो बुधवार ९ ते १५ मध्येच पडणार, ११ च्या आगेमागे. त्याच दिवसांत टोकनच्या ड्रायव्हरची नवी आवृत्तीही सोडू नका. अकाउंट्सच्या संगणकांचा ग्रूप वेगळा ठेवा आणि त्यांना २१ ते २६ मध्ये हात लावा. टूल कुठलंही असो.

साडेनऊची बेल

म्हणूनच रात्री पाठवायचं. एजंट संगणक जागा करून बसवतो.

हिशेबनीस

शिपाई जाताना मेन स्विच बंद करतो त्याचं काय? वेक ऑन लॅनचं (नेटवर्कवरून संगणक जागा करण्याचं) १०२ बाइटचं पॅकेट ऐकायला नेटवर्क कार्डाला वीज लागते.

बूटलोडर

शिवाय ते पॅकेट ब्रॉडकास्ट असतं, राउटर ओलांडून शाखेत आपोआप जात नाही. आणि फास्ट स्टार्टअपने बंद केलेल्या विंडोजला वेक ऑन लॅनचा आधारच नाही. एजंट घ्या नाहीतर आणखी काही, हायबरबूट शून्य करावंच लागणार.

तटबंदी

पैशाच्या वादात सुरक्षा राहिली. एजंटचा सर्व्हर ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळे संगणक, सिस्टिमच्या अधिकारासह. २ जुलै २०२१ ला कसेया व्हीएसए या टूलमधून रॅन्समवेअर पसरलं, स्वीडनमधल्या कूप साखळीला सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली. १९ जुलै २०२४ ला तर हल्लासुद्धा नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल ७८ मिनिटं वितरणात होती, तेवढ्यात अंदाजे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. टप्प्याटप्प्याने न सोडण्याची ही किंमत.

पण बूटलोडर, लगेच हुरळून जाऊ नका. लॉकबिट २.० या रॅन्समवेअरने डोमेन ॲडमिन मिळाल्यावर स्वतःला पसरवायला ग्रूप पॉलिसीच वापरली. तुमच्या पॅकेजच्या शेअरवर लिहायची परवानगी ज्याला असेल, तो उद्या एमएसआय बदलून ८० संगणकांचा मालक होऊ शकतो. लिहिणारं खातं एकच, तेही रोजच्या कामाचं नको.

अजून एक, 'मॅनेजमेंटच्या कक्षेबाहेर गेल्यास अनइन्स्टॉल करा' ही खूण. ती असताना कुणी संगणक एका ओयूतून (डोमेनमधल्या संगणकांच्या गटातून) दुसऱ्यात हलवला आणि तिथे ती पॉलिसी नसली, तर सॉफ्टवेअर निमूटपणे उडतं. दोष मात्र व्हायरसला जातो.

बूटलोडर

मान्य. ती खूण काढूनच ठेवावी, काढायचं असेल तेव्हा स्वतंत्रपणे काढावं.

आता मोजदाद. शेड्यूल्ड टास्क, पॉलिसीतूनच, सिस्टिम खात्याने, रोज दुपारी एक वाजता, दोन तासांच्या रँडम डिलेसह. पॉवरशेलची वीसेक ओळींची स्क्रिप्ट रजिस्ट्रीतली 'अनइन्स्टॉल' की वाचते, ६४ बिटची आणि 'वाव६४३२नोड'खालची, दोन्ही. नाव, आवृत्ती, तारीख एका सीएसव्हीत, फाइलचं नाव संगणकाचं. त्या शेअरवर 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला लिहायची परवानगी, पण हा शेअर पॅकेजच्या शेअरपासून वेगळा. आकडे पाहून कुणाला हाताने रीस्टार्ट करायला सांगायचं ते कळतं.

'विन३२ प्रॉडक्ट' या डब्ल्यूएमआय (विंडोजला माहिती विचारण्याची सोय) क्लासने मोजू नका. प्रत्येक एमएसआय तपासत तो दुरुस्ती सुरू करू शकतो, संगणक गुदमरतो.

उपद्व्यापी

मग त्याच टास्कमधून बसवायचंही काम करा की. आवृत्ती जुनी दिसली तर शेअरवरून एमएसआयएक्झेक (एमएसआय बसवणारी कमांड), क्यूएन, नोरीस्टार्ट, व्हर्बोज लॉग. बूटची गरज नाही, १६१८ आला तर उद्या परत. ट्रान्सफॉर्मही नको, भाषेची प्रॉपर्टी सरळ कमांडवर. लिबरऑफिस उघडं असेल तर प्रोसेस तपासून त्या दिवशी सोडून द्या. विंगेट (कमांडवरून सॉफ्टवेअर बसवणारं विंडोजचं टूल) वापरणार असाल तर सिस्टिम खात्याला ते नुसत्या नावाने सापडत नाही, 'विंडोजॲप्स' फोल्डरमधला पूर्ण पाथ शोधून द्यावा लागतो.

साडेनऊची बेल

म्हणजे शोधणं, बसवणं, पुन्हा प्रयत्न, नोंद. तुम्ही एजंटच लिहिताय, फक्त त्याला सपोर्ट नाही. ती स्क्रिप्ट लिहिणारा नोकरी सोडून गेला की तिला हात कोण लावणार? आणि घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप? व्हीपीएन लॉगिननंतर लागतो, तुमचा शेअर त्यांना दुपारी एकला दिसलाच तर दिसणार. ८० पैकी १५ लॅपटॉप असले तर मी निदान त्या १५ पुरता एजंट घेईन.

बूटलोडर

त्या १५ पुरता घ्या, हरकत नाही. उरलेल्या ६५ चं बिल मला दाखवू नका.