कसबा पेठेतले घर की आंजर्ल्याची वाडी : निवृत्तीनंतर कायमचे कुठे राहावे?

दोन_उंबरठे :

नमस्कार. माझे वय ६१ आणि यजमानांचे ६६ आहे. लग्नानंतरची अडतीस वर्षे आम्ही पुण्यात कसबा पेठेत काढली. आधी वाड्यातल्या दोन खोल्यांत, आणि वाडा पाडून इमारत झाल्यावर त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. यजमानांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली असून गुडघ्यांना आता जिना झेपत नाही.

दापोली तालुक्यात आंजर्ल्याला सासरचे चिऱ्याचे कौलारू घर, विहीर आणि चौदा गुंठ्यांची नारळ-पोफळीची वाडी आहे. सासूबाई गेल्या मार्गशीर्षात गेल्या आणि तेव्हापासून घराला कुलूप आहे. आयुष्यभर नोकरी केली, आता वाडी शिंपावी आणि संध्याकाळी समुद्रावर जावे, असे यजमानांना मनापासून वाटते. मुलगा बंगळुरूला असतो आणि निर्णय त्याने आमच्यावर सोपवला आहे.

माझा जीव मात्र पेठेत गुंतलेला आहे. सकाळी तांबट आळीतून मठारकामाचे, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे, ठोके सुरू झाले की ते बंबाचे आहेत की पाण्याच्या तांब्याचे, हे मला स्वयंपाकघरातून कळते. चतुर्थीला कसब्याच्या गणपतीचे दर्शन, भाजीला मंडई आणि उन्हाळ्यात मैत्रिणींसोबत वसंत व्याख्यानमाला, हे सारे मला पायी चालत गाठता येते. मात्र गणेशोत्सवात स्पीकरच्या भिंतींपुढे आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात, तेव्हा यजमान छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत बसतात, तेही मला पाहवत नाही.

दोन घरे कायम उघडी ठेवणे पेन्शनीत शक्य नाही. आंजर्ल्याला गेलो तर पुण्याचे घर भाड्याने द्यावे लागेल. ज्यांनी असा बदल केला आहे किंवा विचार करून टाळला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

झावळी :

ताई, मी आणि माझी पत्नी नऊ वर्षांपूर्वी ठाण्याहून केळशीच्या बाजूला कायमचे राहायला आलो. आम्हाला पश्चात्ताप झालेला नाही, तरीही तुम्हाला 'या' असे मी एवढ्यात म्हणणार नाही, कारण तुम्ही दोघांनी आंजर्ले बहुधा मे महिन्याच्या सुटीत आणि दिवाळीनंतरच पाहिले असावे.

वाडी म्हणजे रोजचे काम असते, हे आधी यजमानांना सांगा. पावसाळा संपला की पुढचे आठ महिने शिंपण चुकवता येत नाही. पंप लावला तरी पाट वळवणे, झाडांभोवतीची आळी नीट करणे, पडलेल्या झावळ्या ओढून बाजूला करणे आणि बेडे (सुपारीची फळे) गोळा करून वाळवणे हे हातानेच करावे लागते. माडावर चढणारी माणसे आता गावोगाव कमी झाली आहेत. आमच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या गड्याची कधी कधी तीन आठवडे वाट पाहावी लागते, आणि तोवर माडाखालून ये-जा करताना सतत वर लक्ष ठेवावे लागते. सहासष्टाव्या वर्षी, अँजिओप्लास्टीनंतर, हे काम एकट्याने करायचे नाही. रोजचा एक विश्वासू गडी मिळत असेल तरच वाडी सुख देईल.

आता पावसाविषयी. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर दापोलीच्या परिसरात ३५०० मिलिमीटरच्या आसपास. आकड्यावरून त्याची कल्पना येत नाही. आषाढात पडवीला झाप (विणलेल्या झावळ्या) बांधले तरी झड आत येते, कपडे चुलीवरच्या उबेवर वाळवावे लागतात, पुस्तकांना बुरशी धरते आणि खाऱ्या वाऱ्याने कपाटाच्या बिजागऱ्या दोन वर्षांत गंजतात. जून आणि जुलैत मासेमारी बंद असल्यामुळे हर्णैच्या बंदरावरचा लिलावही थांबतो आणि सारा किनारा मुका होतो. वीज गेली की संध्याकाळनंतर पूर्ण अंधार होतो. पहिल्या वर्षी माझी पत्नी त्या अंधारात रोज थोडा वेळ रडत असे, हे तिच्या संमतीने लिहितो आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या साठ पोफळींपैकी त्रेचाळीस एका दुपारीत आडव्या झाल्या. कौले पत्त्यांसारखी उडत होती आणि आम्ही दोघे देवघराच्या दाराला पाठ लावून बसलो होतो. वीज परत यायला महिना लागला. पोफळीचे रोप लावल्यापासून चांगले उत्पन्न हाती यायला पाच-सहा वर्षे तरी जातात, त्यामुळे त्या वेळी लावलेली रोपे आता कुठे धरू लागली आहेत. तरीही आम्ही राहिलो, याचे कारण सांगतो. वादळ थांबल्यावर शेजारची वहिनी, जिच्या घराचा अर्धा माळा उघडा पडला होता, ती आमच्यासाठी गरम पेजेचे भांडे पदराखाली झाकून घेऊन आली. ठाण्याच्या इमारतीत बावीस वर्षे राहूनही आमच्या वरच्या मजल्यावर कोण राहते, हे मला नीट ठाऊक नव्हते.

माझा सल्ला एवढाच की पुण्याचे घर लगेच भाड्याने देऊ नका. एक पूर्ण पावसाळा आंजर्ल्याला काढून पाहा.

पेठकर :

मी कसबा पेठेजवळच जन्मलो आणि वयाच्या सत्तरीत इथेच राहतो आहे. झावळी यांचे लेखन मनाला भिडले, तरी माझे मत शहराच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण हृदय हे आहे. दीड वर्षापूर्वी पहाटे चार वाजता माझ्या छातीत कळ आली, तेव्हा रिक्षाने दहा मिनिटांत मी रुग्णालयात होतो. आंजर्ल्याहून दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत वीसेक किलोमीटरचा वळणाचा रस्ता आहे, आणि हृदयविकाराच्या पुढच्या उपचारासाठी चिपळूणजवळच्या डेरवणला किंवा थेट पुण्या-मुंबईला जावे लागते. पावसात ताम्हिणी किंवा वरंधा घाटात दरड कोसळली, तर पुण्याचा रस्ताही लांबतो.

जुन्या शहरात राहणे म्हणजे केवळ स्मारकांच्या शेजारी राहणे नव्हे. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मधली, मंडईची इमारत १८८६ मधली आणि वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. पण या सगळ्या गोष्टी आजही वापरात आहेत आणि म्हाताऱ्या माणसाला घरातून बाहेर पडायला निमित्त देतात, हे मला अधिक मोलाचे वाटते. मी रोज संध्याकाळी वाचनालयात जातो, तिथे चार माणसे माझी वाट पाहतात, आणि एखाद्या दिवशी गेलो नाही तर रात्री फोन येतो. पेजेचे भांडे घेऊन येणारी वहिनी पेठेतही असते, फक्त ती तीस वर्षांच्या ओळखीनंतर भेटते, आणि ताईंची ती तीस वर्षे इथे भरलेली आहेत. नव्या गावात, सासरचे असले तरी, ती पुन्हा पहिल्यापासून भरावी लागतील.

उत्सवातल्या आवाजाबद्दल मात्र तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि आजारी माणसांचे फार हाल होतात. आम्ही ते दिवस बहिणीकडे वाईला काढतो. तुम्ही ते आंजर्ल्याला काढू शकाल. अडचण खरी आहे ती जिन्याची. पेठेतच तळमजल्याची किंवा लिफ्टची जागा मिळते का, ते पाहावे. क्षेत्रफळ थोडे कमी मिळाले तरी चालेल.

सातबारा :

निर्णय काहीही घ्या, आधी कागद पाहा. सासूबाईंच्या निधनानंतर वारस नोंद होऊन फेरफार मंजूर झाला आहे का, सातबाऱ्यावर आणखी किती सहहिस्सेदार आहेत आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या नोंदीत) घर कोणाच्या नावे आहे, हे तपासा. वाटणी झालेली नसेल तर सर्वांच्या संमतीने महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नियमही लागतो. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे, जिथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी आहे अशा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र धरला जातो. तिथे जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा आहे त्या जोत्यावर पुनर्बांधणी करता येते, पण घर वाढवता येत नाही. यजमानांसाठी स्वच्छतागृह बाहेर नव्याने बांधण्याचा विचार असेल, तर ते आतच बसवावे लागेल.

दोन_उंबरठे :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही उत्तरे मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवली. पेजेच्या भांड्यापाशी ते डोळे पुसू लागले आणि पहाटे चारच्या रिक्षापाशी बराच वेळ गप्प राहिले. आम्ही असे ठरवले आहे की मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत आंजर्ल्याला राहायचे, पुण्याचे घर तोवर कुलूपबंद ठेवायचे आणि निघण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा. मधल्या काळात पेठेत लिफ्टच्या जागेचीही चौकशी सुरू ठेवू. वारस नोंद अजून झालेली नाही, हेही सातबारा यांच्यामुळे लक्षात आले.

झावळी यांना एक विचारायचे आहे. घर बंद असल्याने यंदा शाकारणी (पावसाळ्यापूर्वीची कौलांची डागडुजी) झालेली नाही. ती केव्हा करून घ्यावी?

झावळी :

अक्षय्य तृतीयेनंतर लगेच करून घ्या, कारण मे महिन्याच्या शेवटी माणूस मिळत नाही. वाशांना वाळवी लागली आहे का, ते कौले उतरवल्यावर स्वतः उभे राहून पाहा आणि शंभरेक कौले जास्तीची आणून पडवीत रचून ठेवा. विहिरीचा उपसाही त्याच आठवड्यात करा. येण्याची तारीख कळवा, म्हणजे माझ्याकडे कामाला येणाऱ्या गड्याला मी तुमच्या वाडीत पाठवीन.