मदत हवी आहे: आजोबांच्या भोंग्याला चार स्क्रू कशाला?

नमस्कार मंडळी. विजेतलं माझं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

गावचं जुनं घर उतरवायचं काम चाललंय. माळ्यावर आजोबांचे दोन भोंगे सापडले. त्यांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्नं, जत्रा, निवडणुकीच्या सभा. मशीन कधीच भंगारात गेलं, हे दोन कर्णे तेवढे राहिले. दोन्ही अॅल्युमिनियमचे, तोंड साधारण 16 इंच, एकाला मोठा पोचा आलाय. मागचं युनिट, म्हणजे आवाज काढणारा डबा, आटे फिरवून सुटतं.

एका युनिटला नेहमीसारखे दोन स्क्रू आहेत. ते घरच्या अॅम्प्लिफायरला जोडलं तर वाजतंय. आवाज नाकातून आल्यासारखा, पण खणखणीत. दुसरं प्रकरण वेगळंच आहे. चरवीएवढं थोराड युनिट, उचलताना मनगट दुखतं, आणि मागे चार स्क्रू, दोन-दोनच्या जोड्या. मीटरवर एक जोडी 12 ओहम दाखवते, दुसरी 4. बारावालीला गाणं लावलं तर भोंग्यात कान घालून जेमतेम ऐकू येतं. चारवालीला लावलं तर काहीच नाही.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने युनिटला टेस्टर टेकवून बघितला, चिकटला नाही. म्हणाला, "मॅग्नेट मेलाय. कापून आत नवीन रिंग बसवतो." कापायचं म्हटल्यावर माझा हात आखडला. खरंच मॅग्नेट मरतो का? कापू देऊ का?

आजीला विचारलं तर ती म्हणाली, त्या मोठ्या भोंग्याबरोबर मोटारीची बॅटरी न्यायला लागायची, वीज असलेल्या गावातसुद्धा. हे काय गौडबंगाल आहे?

जुनाट रेडिओ:

कापू देऊ नका! उत्तर तुमच्या आजींनी दिलंय.

त्या युनिटात मॅग्नेट मेलेला नाही, कारण तो कधी नव्हताच. आत नरम लोखंडाच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेचे भरपूर वेढे असतात. त्यातून बॅटरीचा डीसी सोडला की लोखंडाचं चुंबक होतं, बंद केला की परत लोखंड. याला फील्ड कॉइल म्हणतात. लहानपणी खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलल्या असतील, तेच हे. तुमची 4 ओहमची जोडी म्हणजे फील्ड. 12 ची जोडी व्हॉइस कॉइल, म्हणजे गाण्याची. लोखंडात थोडं चुंबकत्व मुरून राहतं, म्हणून तुम्हाला तो बारीक आवाज आला.

एवढा उपद्व्याप कशाला, तर त्या काळी पुरेसा जोरदार कायमचा मॅग्नेट परवडण्याजोगा मिळत नव्हता. जपानमध्ये मिशिमा यांनी 1931 साली लोखंड, निकेल, अॅल्युमिनियमचा मिश्रधातू काढला, त्यातून पुढे अल्निको आला, तेव्हा कुठे बॅटरी सुटली. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकचं 555 हे 1926 चं युनिट, वेंट आणि थुरास यांनी व्हिटाफोनच्या, म्हणजे सुरुवातीच्या आवाजी सिनेमांसाठी घडवलेलं. त्याच्याही फील्डला 7 व्होल्ट, दीड अँपिअर लागतात. शौकीन लोक आज ते देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपतात.

आता करायचं काय ते नीट वाचा. आजच्या गाडीची बॅटरी थेट लावू नका. ती 12 व्होल्टची. पूर्वी बऱ्याच गाड्यांना 6 व्होल्टची असायची, आणि तुमच्या 4 ओहमला 6 व्होल्ट म्हणजे दीड अँपिअर, 9 वॉट, हिशेब जुळतो. 12 लावलेत तर 36 वॉट, वेढे भाजून निघतील. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा डीसी सप्लाय कुणाकडून तरी मागून आणा. 2 व्होल्टपासून सुरू करा, हळूहळू 6 पर्यंत न्या. टेस्टर आता चिकटायला हवा. मग दीड व्होल्टचा सेल 12 च्या जोडीला नुसता टेकवून काढा, भोंग्यातून टक्कन आवाज आला तर युनिट जिवंत. फील्डची वायर काढताना ठिणगी पडते आणि उघड्या टोकाला बोट असेल तर सणसणीत झटका बसतो, तेव्हा सप्लाय शून्यावर आणून मगच काढा.

आणि तो दुसरा, दोन स्क्रूचा, बहुतेक अल्निको असेल. तो हौसेने उघडू नका. अल्निकोचा मॅग्नेट त्याच्या लोखंडी घरातून बाहेर काढला की कमजोर होतो आणि परत बसवला तरी पहिल्यासारखा होत नाही. तर हो, असा "मरतो" खरा.

मंडपवाला:

वरच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझी एक भर, कारण तुम्ही गाणी लावणार हे दिसतंय.

युनिटात पातळ पडदा असतो, बहुतेक बेकेलाइट पाजलेल्या कापडाचा. तो केसभर हलतो. एवढ्याने अख्ख्या गावाला ऐकू कसं जातं? सायकलचा पंप मोकळा मारून बघा, दट्ट्याला काही लागत नाही. आता भोकावर बोट दाबा. जोर लागतो ना? पडद्यासमोर हवेची चिंचोळी जागा आणि पुढे पडद्यापेक्षा लहान भोक असतं, म्हणून पडद्याला हवा "लागते". तिथून कर्णा बेताबेताने रुंद होत जातो आणि तो दाब बाहेरच्या हवेला सोपवतो. साध्या स्पीकरमध्ये शंभर वॉटमधला एखाद-दुसरा आवाज होतो, बाकी नुसती गरमी. चांगल्या कर्ण्यात वीस-पंचवीस सहज होतात.

पण हे ठरावीक सुरापर्यंतच. तुमच्या 16 इंची तोंडाचा घेर सव्वा मीटर, म्हणजे साधारण 270 हर्ट्झच्या खाली कर्णा हवा धरत नाही. ढोलकी, बेस आला की पडद्याला आधारच उरत नाही, तो मोकाट हलतो आणि कॉइलची तार तुटते. आमच्याकडे डीजेच्या नादात अशी किती युनिटं गेली त्याची गणती नाही. व्हॉइस कॉइलच्या एका वायरमध्ये 33 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घाला, तो हे खालचे सूर अडवतो.

धागाकर्ता:

काका, भाऊ, दोघांचे आभार. पुतण्याच्या कॉलेजातून सप्लाय आणला. 4 व्होल्टलाच टेस्टर असा चिकटला की ओढून काढावा लागला. 6 ला मीटर 1.4 अँपिअर. सेल टेकवला तर टक् इतका मोठा की मांजर पळालं. कपॅसिटर घालून नाट्यगीत लावलं, आवाज दुसऱ्या भोंग्यापेक्षा गोड आहे. तासाभराने युनिट हाताला बऱ्यापैकी गरम लागतंय, पण हात ठेवता येतो. एवढं चालतं ना?

आजी म्हणाली, "हाच तो. आता बंद कर, माझी मालिका लागली."

जुनाट रेडिओ:

9 वॉट आत कोंडलेत, गरम होणारच. हात ठेवता येतोय तोवर काळजी नाही.

धागाकर्ता:

छान. आता कर्ण्याचा पोचा. पत्रा आतून ठोकला तर चिरेल का? कल्हईवाला, तांबट, कुणाकडे नेऊ?