माळावर फिरवायला स्पोर्ट एटीव्ही कुठली घ्यावी? बजेट अडीच लाख

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. जांबोटीच्या अलीकडं आमची घरची जमीन आहे. खाली भात, वर सहा एकर माळ, कडेनं काजू. माती तांबडी, मध्ये मध्ये कातळ, आणि माळाला चांगलाच उतार आहे. नोकरी बेळगावात, रविवारी गावी जातो. त्या माळावर मजेसाठी चालवायला स्पोर्ट एटीव्ही, म्हणजे जाड टायरची, बाईकसारखं हँडल असलेली चार चाकी गाडी घ्यायची आहे. शेतीकाम करायचं नाही, ट्रेलर ओढायचा नाही, शर्यतीला जायचं नाही. गोव्याला समुद्रावर भाड्याची चालवली तेव्हापासून मनात आहे.

बजेट अडीच लाख, गाडी गावात आणून उतरवण्याच्या खर्चासकट. नवी १२५ सीसी चायनीज बघितली. जुनी पोलारिस फिनिक्स २०० कोल्हापूरला एकाकडं आहे. जुनी सुझुकी झेड४०० पुण्यात आहे, ती मात्र बजेटच्या वर जाते. माझी उंची पाच फूट दहा, वजन ८४ किलो. बाईकची सवय आहे, आरएक्स १०० अजून रोज चालवतो. अनुभवी लोकांनी सांगा.

निपाणीकर_पाटील
स्पोर्टचा नाद सोडा, सरळ पोलारिस स्पोर्ट्समन ५७० घ्या. आमच्या पाहुण्यांकडं आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, चिखलातनं ट्रॅक्टर अडकतो तिथनं ही निघते. त्यात ट्रॅक्टर म्हणून पासिंग होणारं मॉडेल येतं, म्हणजे नंबर मिळतो, रस्त्यावरही नेता येते. एकदाच पैसे घाला, चांगलंच घ्या.

जांबोटीकर
पाटील, ती बजेटच्या फारच वर जाते. माझं बजेट अडीच आहे.

निपाणीकर_पाटील
बँक कर्ज देते की. ऊसबिल आल्यावर फेडायचं.

जांबोटीकर
आमच्याकडं ऊस नाही, भात आणि काजू आहे.

लेथवाला_उद्यमबाग
माझं मशीन शॉप आहे, रिसॉर्टवाल्यांच्या एटीव्ही दुरुस्तीला येतात, म्हणून लिहितो.

१२५ चायनीज तुमच्या अंगाला होणार नाही. एक तर तिची चाकं सात-आठ इंची रिमची. मोठ्या माणसाच्या स्पोर्ट एटीव्हीला पुढं दहा इंची आणि मागं नऊ इंची रिम असते. लहान चाक कातळाच्या खाचेत जाऊन बसतं. दुसरं, तिचा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा, आणि त्याचं बेअरिंग ज्या घरात बसतं ते घर. ८४ किलोचा माणूस उंचवट्यावरनं उतरला की सगळा हादरा तिथं येतो. बेअरिंग ढिलं पडतं, मग अ‍ॅक्सल हलतो, मग चेन उतरते. अ‍ॅक्सल वाकून आलेले मी नवे टर्न करून दिलेत. ते काम जमतं, खरं गाडी घेतली ती चालवायला, माझ्या दुकानात ठेवायला नव्हे.

जुनी बघायला गेलात तर आधी मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. कटकट आवाज आला की बेअरिंग गेलंय. पुढच्या ए-आर्मचे, म्हणजे चाक चासीला धरणाऱ्या दांड्यांचे, बुश (सांध्यातल्या नळ्या) तसेच हलवून बघा. खालून चासीचे वेल्डिंग टॉर्च लावून बघा, नवा रंग मारलेला जोड दिसला तर विचारा का मारला. इंजिन थंड असताना चालू करायला लावा. तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. पाण्यानं थंड होणारं इंजिन असेल तर ऑइलचं झाकण उघडा. आत दुधासारखं पांढरं दिसलं की घेऊ नका.

चंदगडी
काय एटीव्ही घेऊलास भावा? अडीच लाखात एक्सपल्स २०० बाईक घे, वर पैसे उरतील. माझ्याकडं आहे. बेळगावातनं घरनं निघायचं, तिलारीपर्यंत जायचं, त्याच गाडीनं सोमवारी कामाला. एटीव्ही माळावरच उभी राहणार सहा दिवस.

वडगावचा_राजू_दुबई
चंदगडी, चार चाकांची मजा दोन चाकांवर नाही. मी दुबईत असताना वाळूत यामाहा रॅप्टर ७०० चालवली आहे. ६८६ सीसी, एकच सिलिंडर, अंगठा दाबला की छातीत धडकी भरते.

लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. या गाड्या आधी तीन चाकांच्या होत्या. होंडानं पहिली १९७० मध्ये आणली. त्या वळणावर उलटायच्या, माणसं मेली, म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी सरकारशी करार करून तीन चाकी विकणं बंद केलं. चार चाकी आणली सुझुकीनं, आणि १९८५ मधली त्यांची क्वाडरेसर २५० ही पहिली खरी वेगाची स्पोर्ट क्वाड, म्हणजे चार चाकी एटीव्ही. त्यामुळं सुझुकीचं नाव काढलंत ते बरं केलंत. स्पोर्ट म्हणजे हाताचा क्लच, मागच्या चाकांना चेन, लांब सस्पेन्शन. बाकीचे सगळे शेतीचे घोडे.

निपाणीकर_पाटील
शेतीच्या घोड्यानं चार क्विंटल ओढता येतं. तुमच्या रॅप्टरनं काय ओढणार?

वडगावचा_राजू_दुबई
त्यांना ओढायचं नाहीये हो. वर लिहिलंय.

टिळकवाडीची_ताई
मी वेगळं सांगते. माझ्या भाच्याला एका रिसॉर्टवर मागं बसवून नेलं. चालवणारा माणूस तिथलाच. एका माणसाच्या सीटवर दोघं. चढावर पुढची चाकं उचलली, दोघं मागं पडले आणि गाडी पोराच्या पायावर आली. हाड जोडायला प्लेट घालावी लागली. त्या माणसानं हेल्मेटसुद्धा दिलं नव्हतं.

स्पोर्ट एटीव्हीवर मागं कुणाला बसवायचं नसतंच. चालवणाऱ्याला पुढं-मागं, डावी-उजवीकडं सरकायला ती लांब सीट असते. रविवारी गावी गेलात की भाचे, पुतणे, शेजारची पोरं सगळी "मला एक चक्कर" म्हणत येणार. त्यांना नाही म्हणता येत असेल तरच घ्या. अमेरिकेत कंपन्याच सांगतात की सोळा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाची गाडी द्यायची नाही. आपल्याकडं दहा वर्षांच्या पोराच्या हातात किल्ली देतात आणि फोटो काढतात, याचा मला फार राग येतो.

जांबोटीकर
ताई, ऐकून वाईट वाटलं. पुतणे आहेत घरी. किल्ली बेळगावला माझ्याबरोबर येईल. आणि अंगावर अडकवायची दोरी असलेला किल स्विच लावून घेणार, माणूस पडला की इंजिन बंद.

चिकोडी_एक्सप्रेस
पासिंगचं काय? आरटीओ एजंट म्हणाला, करून देतो, केए-२३ नंबर घ्या.

बेळगाव_वकील
एजंटच्या नादी लागू नका. ट्रॅक्टर म्हणून मान्यता मिळालेलं ते एखादं मॉडेल सोडलं तर एटीव्हीचं पासिंग होत नाही. पासिंग नाही म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. जांबोटी रस्ता ओलांडून पलीकडच्या शेतात जाणं हेसुद्धा रस्त्यावर चालवणंच. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा नाही, भरपाई स्वतःच्या खिशातनं.

जुनी घेताना आरसी बुक नसणार, त्यामुळं मूळ बिल मागा, बाहेरून आलेली असेल तर कस्टमचे कागद मागा, चासी नंबर कागदाशी ताडून बघा आणि विक्रीपत्र लिहून घ्या. वाहतूक करताना या सगळ्याची प्रत ड्रायव्हरच्या हातात द्या. पुण्या-कोल्हापूरहून कर्नाटकात येताना गाडीवर नंबर नसलेली वस्तू बघितली की विचारतातच.

चिकोडी_एक्सप्रेस
खरं माझ्या मित्राची चालते रस्त्यावर, कोण धरत नाही.

बेळगाव_वकील
अपघात होईपर्यंत कोणीच धरत नाही.

कणकुंबीकर
जांबोटीकर, तुमच्या माळाच्या वर जंगल लागतं का? लागत असेल तर कुंपण घाला आणि आतच चालवा. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य जाहीर झालेलं आहे. राखीव जंगलात गाडी घातली तर वनखातं गाडी जप्त करतं, आणि ते योग्यच आहे. बाहेरनं येऊन ओढ्यातनं गाड्या घालणारी पोरं बघतो, ओढ्याच्या कडा ढासळतात, पाणी गढूळ होतं. मलप्रभा इथंच उगम पावते, तुम्ही बेळगावकर खाली तेच पाणी बघता.

आणि पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडं तांबडी माती साबणासारखी होते. त्या चार महिन्यांत मागच्या दोन चाकांवरची गाडी उतारावर नेऊ नका.

निपाणीकर_पाटील
म्हणूनच फोर बाय फोर सांगत होतो.

शहापूर_जीपवाला
अडीच लाखात जुनी महिंद्रा जीप येते. घरच्या सगळ्यांना घेऊन फिरता येतं. मी तर म्हणतो एमएम५४० बघा.

हिंडलगा_०७
लेथवाल्यांशी सहमत. १२५ चायनीज घेऊ नका. चाक लहान असतं आणि मागचा अ‍ॅक्सल वाकतो. फिनिक्स २०० घ्या. अ‍ॅटोमॅटिक आहे, रिव्हर्स आहे, बजेटमध्ये बसते. माझ्या मेहुण्याकडं होती, काही त्रास नाही.

टिळकवाडीची_ताई
घ्यायचीच असेल तर मीही फिनिक्सच म्हणेन. पहिल्या गाडीला दोनशे सीसी पुष्कळ झालं.

लेथवाला_उद्यमबाग
फिनिक्स चांगली. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिला बेल्टचा सीव्हीटी आहे, म्हणजे स्कूटरसारखं, गिअर बदलायचा नसतो. बेल्टच्या घरात पाणी गेलं की बेल्ट घसरतो. उतारावर थ्रॉटल सोडला आणि वेग पडला की बेल्टची पकड सुटते, गाडी मोकळी धावते, सगळा भार ब्रेकवर येतो. सपाट माळाला काही वाटत नाही. तुमच्या माळाला उतार आहे म्हणालात म्हणून सांगितलं.

जांबोटीकर
हे कुणीच बोललं नव्हतं. मग गिअरची असेल तर उतारावर इंजिन धरून ठेवतं, बाईकसारखं?

लेथवाला_उद्यमबाग
व्हय. दुसऱ्या गिअरवर उतरायचं, इंजिनच अडवतं. खरं वळणं बाईकसारखी नाहीत. मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलला घट्ट, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकं वेगवेगळी फिरू देणारा गिअर, नाही. वळताना आतल्या चाकाला कमी फिरायचं असतं, ते फिरू शकत नाही, म्हणून गाडी सरळच जायला बघते. अंग आत टाकायचं आणि पाय बाहेरच्या पायरीवर दाबायचा, मग आतलं चाक हलकं होतं आणि गाडी वळते. बाईकवाले हँडल ओढत बसतात. उताराला आडवं तर जाऊच नका, सरळ चढा, सरळ उतरा. टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय, पंपवाल्याला सांगाल तर तो पंचवीस भरून ठेवेल, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा मीटर मिळतो तो घ्या.

वडगावचा_राजू_दुबई
हेच मी सांगणार होतो. रॅप्टरवर शिकायला मला वेळ लागला नाही, तरीपण.

जांबोटीकर
मंडळी, अपडेट. कोल्हापूरला जाऊन फिनिक्स बघितली, चालवली. गाडी बरी आहे. पण गुडघे हँडलला लागतात आणि उभं राहून चालवताना कमरेत वाकावं लागतं. मागं चाक हलवलं तर कटकट होती, मालक म्हणाला तसंच असतं.

तिथनं पुण्याला गेलो आणि झेड४०० बघितली. थंड इंजिन एका बटणात चालू झालं. मागचं चाक घट्ट. एका ए-आर्मचा बुश गेलाय, तो धरून भाव केला. बिल आहे, चासी नंबर जुळला. क्लच हातात आला आणि मला कळलं की हवी होती ती हीच. तीन लाख चाळीस हजारांत ठरली. बजेट मोडलं, हे खरं आहे. आरएक्स विकत नाही, यंदा घराची रंगरंगोटी पुढं ढकलली.

टिळकवाडीची_ताई
चारशे सीसी पहिलीच गाडी? मला पटलेलं नाही. निदान पुतण्यांना देऊ नका.

हिंडलगा_०७
स्पेअर कुठनं आणणार? भारतात ती आता कंपनी विकत नाही.

वडगावचा_राजू_दुबई
कावासाकीच्या केएफएक्स४०० मध्ये हेच इंजिन होतं, त्यामुळं बाहेरच्या कंपन्यांचे स्पेअर भरपूर मिळतात. माझा भाऊ अजून तिकडं आहे, येताना आणेल. छातीचं गार्ड आणि गुडघ्याचं गार्ड पण सांगून ठेवतो.

चंदगडी
एक्सपल्स दोन आल्या असत्या एवढ्यात.

कणकुंबीकर
कुंपणाचं बघा आधी.

जांबोटीकर
कुंपणाचे खांब रविवारी पुरायला घेतोय. ताई, पहिले दोन महिने खालच्या सपाट पट्टीतच चालवणार, भात निघाल्यावर. गाडी पुढच्या शनिवारी आणायची आहे, पुण्याहून परत येणारा कुणाचा रिकामा पिकअप असेल तर सांगा. छोटा हत्तीवाला एकतर्फी भाड्याला तयार नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
संकेश्वरचा एक भाजीवाला पिकअप शुक्रवारी रात्री पुण्याला जातो. नंबर मेसेजमध्ये पाठवतो. चाकं बांधायला पट्टे तुमचे घेऊन जा, त्याच्याकडं नुसती सुतळी असते.

लेथवाला_उद्यमबाग
बुशचं माप पाठवा, पितळेचा करून ठेवतो. जुना बुश काढताना हातोडीनं मारू नका, घर फाकतं. तसाच आणा, प्रेसवर काढू.