मदत हवी आहे: मोल्निया पॉकेट वॉचचं मशीन मनगटी केसमध्ये बसवायचंय

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या जुन्या बाजारात एक रशियन मोल्निया हाती लागलं. केस पार खलास, काच गायब, पण चावी दिली की मशीन लगेच चालतं. चेल्याबिन्स्कच्या कारखान्यातलं हे मशीन कोर्टेबेर या स्विस कंपनीच्या मशीनवर बेतलेलं आहे. १५ ज्वेल (झीज टाळणारे खडे), तासाला १८,००० ठोके, आणि ब्रिजवर, म्हणजे चाकांवरच्या प्लेटवर, अशा सुरेख पट्ट्या की बंद झाकणाखाली ठेवणं जिवावर येतं. म्हणून मागे काच असलेल्या मनगटी केसमध्ये बसवायचा विचार आहे.

बाजारात ४४ मिमीच्या ज्या तयार केस मिळतात त्या युनिटास ६४९७ या स्विस मशीनसाठीच्या. त्या मशीनचा व्यास ३६.६ मिमी, माझ्याचा ३६. चहूबाजूंनी ०.३ मिमीची फट राहते, ती पितळी रिंगनं भरून निघेल. घोडं अडतंय ते चावीच्या दांडीपाशी. माझं मशीन जास्त जाड आहे आणि दांडी केसच्या भोकासमोर येतच नाही, खाली राहते. भोक मोठं करायचं की मशीन उचलायचं?

दुसरी भानगड डायलची. पॉकेट वॉचमध्ये चावी १२ वर आणि सेकंदकाटा ६ वर. मनगटावर चावी ३ वर घेतली की सेकंदकाटा ९ वर जातो. ते चालेल, उलट छान दिसतं. पण मूळ डायलचे आकडेही सोबत फिरतात, १२ जाऊन बसतो ३ च्या जागी! डायलचे पाय (मागच्या, मशीनमध्ये बसणाऱ्या पिना) कापून तो चिकटवावा असं एकानं सुचवलं. मला ते पटत नाही. उद्या कुणाला हे पुन्हा खिशात घालावंसं वाटलं तर जसंच्या तसं परत करता आलं पाहिजे.

'सीगलचं एसटी ३६ (६४९७ ची चिनी नक्कल) घे, सगळं आयतं बसेल' हा सल्ला कृपया नको. ते मला माहीत आहे, आणि त्यात मजा नाही.

प्रतिसाद १

भोकाला हात लावायच्या आधी कॅलिपर घ्या. डायल टेकते तिथपासून दांडीच्या मध्यापर्यंतचं अंतर मशीनवर मोजा, मग तेच केसमध्ये भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. मशीनवरचं अंतर जास्त असेल तर केसची आतली कड लेथवर तेवढी उतरवायची, म्हणजे मशीन काचेकडे सरकेल. मात्र काटे काचेला घासणार नाहीत ना, ते आधी बघा. अंतर कमी असेल तर डायलखाली रिंग घालायची. काहीही झालं तरी कानस केसवर चालवा, मशीनच्या प्लेटवर नाही.

डायल नवीन करा. कोऱ्या पितळी चकतीला तुमच्या मशीनच्या भोकांप्रमाणे पाय आधी झाळून घ्या, छपाई नंतर. ६४९७ चा तयार डायल दिसायला तसाच, पण पायांच्या जागा आणि सेकंदकाट्याचं अंतर जुळेलच असं नाही. जुना डायल डबीत ठेवा.

प्रतिसाद २

शॉक प्रोटेक्शन आहे का? बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) वरच्या खड्यावर बारीक स्प्रिंग दिसते की दोन स्क्रूंची टोपी? टोपी असेल तर हे घालून दुचाकी चालवू नका, पिवट (बॅलन्सच्या आसाचं बारीक टोक) मोडला की नवा स्टाफ (आस) शोधताना घाम फुटेल.

आणखी एक. खिशात घड्याळ चावी वर करून उभं असतं. डाव्या हातात घालून हात खाली सोडला की चावी खाली, म्हणजे बरोब्बर उलटी स्थिती. बॅलन्स एका बाजूला जरा जरी जड असला तरी वेळ लगेच बदलेल. आधी सफाई आणि तेलपाणी, मग दोन्ही स्थितींत टाइमग्राफरवर (ठोके ऐकून घड्याळ किती पुढे-मागे जातं ते दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासा, केस शेवटी.

धागाकर्ता

दोघांचे आभार. टोपी आहे, दोन स्क्रूंची. म्हणजे फक्त लग्नाकार्याला घालायचं. कड उतरवायचा मार्ग पटला. आता एवढंच सांगा: पुण्यात एखाद-दुसरी स्टीलची केस लेथवर धरून देणारं कुणी आहे का? दोन वर्कशॉपवाल्यांनी नग बघूनच परत पाठवलं, शंभर असतील तर या म्हणाले.