‘द बिग स्लीप’मधल्या ड्रायव्हरला मारलं कोणी? (रहस्य फुटेल, सिनेमा बघायचा असेल तर पुढे वाचू नका)

विश्रामबागकर, सांगली
काल ‘द बिग स्लीप’ (१९४६) बघितला. शेवटचा अर्धा तास परत लावला, तरी एक गाठ सुटेना. श्रीमंत स्टर्नवुड कुटुंबाची गाडी ड्रायव्हरसकट समुद्रात सापडते. त्याला मारलं कोणी? मूळ कादंबरी वाचलेलं कुणी आहे का इथे?

पेठभाग
ब्रॉडीनं, तो ब्लॅकमेल करणारा. कबूलच करतो की तो डिटेक्टिव्ह मार्लोसमोर.

मिरजेचे काका
नाही हो. ब्रॉडी ड्रायव्हरच्या डोक्यात हाणून त्याच्याकडची ब्लॅकमेलची फिल्म काढून घेतल्याचं कबूल करतो, जीव घेतल्याचं नाही. त्यानंतर पोरानं स्वतःच गाडी पाण्यात घातली की कुणी ढकलली, हे कादंबरीतही उघडं राहतं. शूटिंग चालू असताना दिग्दर्शक हॉक्सच्या मंडळींनी कादंबरीकार चँडलरला तार करून हेच विचारलं होतं. चँडलरनं पुढे एका पत्रात लिहिलंय, मलाही माहीत नव्हतं!

मूळ कारण असं की १९३९ची ही कादंबरी त्यानं आपल्याच जुन्या कथा जोडून उभी केली. ड्रायव्हर एका कथेतला, बेपत्ता जावई दुसरीतला. सांधा तिथं दिसतो. त्यात सेन्सॉरमुळे गायगर या ब्लॅकमेलरच्या दुकानात कसली पुस्तकं भाड्यानं जातात हे पडद्यावर सांगताच येत नव्हतं, मग ब्लॅकमेलचा धागाही अर्धवट कळतो.

पण माझं ऐकाल तर खुनी शोधत बसू नका, मार्लोकडे बघा. सुरुवातीला काचघरात ऑर्किडच्या उकाड्यात म्हातारा जनरल स्टर्नवुड शाल पांघरून गारठलेला, आणि समोर मार्लो झालेल्या बोगार्टचा शर्ट घामानं भिजतोय. जनरलला स्वतःला दारू वर्ज्य, म्हणून याला ब्रँडी पाजून तो नुसता बघत बसतो. सगळं घराणं कसं सडलंय ते तिथंच कळतं. आणि विचारात पडला की बोगार्ट कानाची पाळी ओढतो, तेवढं लक्षात ठेवून बघा. मला हा सिनेमा त्या माणसासाठी आवडतो. सगळे खोटं बोलत असताना म्हाताऱ्याचा विश्वास तो मोडत नाही.

विश्रामबागकर, सांगली
काका, मनापासून आभार. पण निदान सिनेमात तरी कुणी नीट उलगडा करायला हवा होता.

मिरजेचे काका
होता ना! १९४५ साली परदेशातल्या सैनिकांना दाखवलेल्या प्रतीत सरकारी वकिलाच्या ऑफिसात सगळी संगती लावून सांगितली आहे. पुढे नायिका बकॉलचे प्रसंग वाढवायचे म्हणून काही भाग नव्यानं चित्रित केला आणि तो प्रसंग कापला. तुमच्या प्रतीत हॉटेलात बसून बोगार्ट आणि बकॉल घोड्यांच्या शर्यतीवर बोलतात का? बोलत असतील तर ती नंतरची.

विश्रामबागकर, सांगली
बोलतात, आणि फार सुंदर बोलतात. आता पहिली प्रत शोधतो.