हौदाची दुसरी चावी

(लातूर, आमच्या सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

अ-१०१ काका: सर्वांनी वाचा. उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार. दोन टिका निळ्या अन् एक लाल दिसली की समजा, सरकारनं तुमचा मेसेज वाचला. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

क-३०४: काका, हेच तुम्ही मागच्या पोळ्यालाबी टाकलं होतं. लाल टिक अजून कुणाच्याच मोबाईलवर उगवली नाही.

अ-१०१ काका: मला आलं, मी पुढं ढकललं. मी काय घरी बसून तयार करतो का असलं?

ब-२०२ वकीलताई: काका, मेसेज खोटा आहे, पण भीती अगदीच हवेतली नाही. जरा मोठं लिहिते, चहा घेऊन बसा.

व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून निरोप पाठवणाऱ्याच्या मोबाईलमध्येच कुलूपबंद होतो अन् घेणाऱ्याच्या मोबाईलमध्येच उघडतो. (मिरजेहून आपल्याकडं पाण्याची रेल्वे आली, तोच महिना.) मधल्या कंपनीकडं चावी नाही. आता आयटी कायद्याचं कलम ६९ म्हणतं, गृहसचिवांचा आदेश आला की माहिती उलगडून द्या, नाहीतर ७ वर्षांपर्यंत कैद. पण त्याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांत लिहिलंय, ज्या कुलपाची चावी कंपनीच्या ताब्यात आहे तेवढंच. घोडं इथं अडलंय. मग २०२१ च्या नियमांत आलं की मेसेज सगळ्यात आधी कुणी टाकला ते शोधून द्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी तोंडावर सांगितलं, कुलूप तोडायला लावलं तर आम्ही इथून जातो.

सेक्रेटरी: जाऊ द्या की मग! ज्याचं काही वाकडं नाही त्याला कशाचं भ्या? माझ्या सासऱ्याचे ४० हजार त्या ‘डिजिटल अटके’त गेले, खोटा पोलीस बनून मोबाईलवरून भ्या दाखवून लुटतात त्यात. पोलिसांकडं चावी असती तर चोर दुसऱ्या दिवशी सापडला असता.

क-३०२ मावशी: सेक्रेटरीसाहेब, चावीचं तुम्ही तरी बोलू नका.

२०१६ चा उन्हाळा आठवा. हौदाच्या झाकणाला कुलूप, चावी एकच, ती तुमच्याकडं. तवर बरं होतं. मग तुम्ही लग्नाला गेलात, टँकरवाला तासभर ताटकळला, म्हणून अडीनडीला दुसरी चावी केली अन् वॉचमनला दिली. वॉचमनकडून मोटार दुरुस्तीवाल्यानं नेली. पुढं ती कुठं कुठं फिरली, देवाला माहीत. मे महिन्यात रात्री अडीचला मला खालून बादलीचा आवाज आला. जिन्यातून बघते तर शेजारच्या बांधकामावरचा माणूस आपल्या हौदातून पाणी उपसायलाय. अन् चावी त्याच्या करदोड्याला! कुलूप शाबूत, एक ओरखडा नाही. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले.

सेक्रेटरी: दहा वर्षांमागचं काढायलात राव.

ब-२०२ वकीलताई: मावशी, तुमचा तो ओरखडाच महत्त्वाचा आहे. कुलूप फोडलं तर निदान कळतं तरी. सरकारसाठी केलेल्या चोरचावीनं उद्या दुसऱ्याच कुणी उघडलं तर पत्ताही लागत नाही. ब्रिटिश सरकारनं ॲपलकडं अशीच वाट मागितली, तर कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली जादा सुरक्षेची सोयच काढून घेतली. नुकसान कुणाचं? साध्या माणसाचं.

अन् साहेब, तुमच्या सासऱ्यांचा सगळा चॅट त्यांच्याच मोबाईलमध्ये होता ना? मग कुलूप आडवं कुठं आलं? चोरानं सिम दुसऱ्याच्या नावाचं, बँकेचं खातं तिसऱ्याचं वापरलेलं असतं. तपास तिथं अडतो.

अ-१०१ काका: बरं, पण सरकारला आवर घालणारं काही आहे का नाही?

ब-२०२ वकीलताई: आहे, पण अर्धवट. १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं फोन टॅपिंगला वेसण घातली. आदेश लेखी पाहिजे, कारण पाहिजे. नियमांप्रमाणे एक आदेश फार तर ६० दिवस चालतो, वाढवत नेला तरी एकूण १८०. २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ ला लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले अन् रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं.

खोट कुठं आहे सांगू? सही गृहसचिवांची, अन् ती बरोबर का चूक हे बघणारी समिती मुख्य सचिवांची. सगळे एकाच मंत्रालयात बसणारे. न्यायाधीश कुठंच नाही. ज्याचं ऐकलं त्याला नंतर तरी कळवायचं बंधन नाही, मग तो कोर्टात जाणार कशाच्या जोरावर? मला विचाराल तर कुलपाच्या भांडणाआधी हे नीट व्हायला पाहिजे.

क-३०४: ताई, दिल्ली-मुंबईचं राहू द्या. मंगळवारी साध्या कपड्यातला एक माणूस आला आणि साहेबांनी त्याला गेटच्या कॅमेऱ्याचं १५ दिवसांचं फुटेज पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये ‘नीट’ परीक्षेच्या (डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या) क्लासच्या चार पोरी भाड्यानं राहतात. कितीला जातात, कितीला येतात, सगळं त्यात आहे.

सेक्रेटरी: पोलीस होता तो. मोटारसायकल चोरीचा तपास म्हणला.

ब-२०२ वकीलताई: कागद दिला का? फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ९४ आहे. ठाण्याचा प्रमुख लेखी मागू शकतो, अन् मागितलं तर द्यावंच लागतं. पण तोंडी नाही. आणि गाडी एका रात्री गेली तर त्या रात्रीचं द्यायचं, १५ दिवस कशाला?

सेक्रेटरी: कार्ड दाखवलं त्यानं. मी गडबडीत होतो, गॅसवाला आला होता.

क-३०२ मावशी: गाडी कुणाची गेली पण?

सेक्रेटरी: आपल्यातली नाही. मागच्या गल्लीतली म्हणला.

ब-१०३: मागच्या गल्लीत माझा मेव्हणा राहतो. आत्ता फोन लावला. तिथं कुणाची गाडी गेली नाही म्हणतो.

अ-१०१ काका: आं?

ब-२०२ वकीलताई: साहेब, त्याचं नाव, मोबाईल नंबर, बक्कल नंबर?

सेक्रेटरी: घेतला नाही. उद्या ठाण्यात जाऊन विचारून येतो.

ब-२०२ वकीलताई: उद्या नाही, आत्ता. मी खाली येतेय. गेटचं रजिस्टर घ्या, अन् तो माणूस आला तेव्हाचं मंगळवारचं फुटेज पुसू देऊ नका.

क-३०४: मी पण येतो. त्या पोरींना काही सांगू का?

क-३०२ मावशी: तू नको, मी जाते.

सेक्रेटरी: चप्पल घालतोय.